टायमर चालू केला की यंत्र आपोआप रीसेट होतंय. कर्नलमधल्या असेंब्लीतला घोळ शोधायचा कसा?

खानापूर_लोकल (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दिवसा बेळगावात एका ऑफिसात बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री खानापूरला घरी येऊन गेले आठ महिने स्वतःचा एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितोय. ६४ बिटी, एक्स८६. बूटचा भाग आणि इंटरप्टचे स्टब (हार्डवेअरनं हातचं काम थांबवून हाक मारली की आधी चालणारा छोटा कोड) असेंब्लीत, बाकी सी मध्ये. कशासाठी म्हणाल तर हौस. पाऊस लागला की इकडं दुसरं करण्यासारखं काही नसतंच.

लाँग मोडपर्यंत (प्रोसेसरचा ६४ बिटी मोड) पोचलो, पडद्यावर अक्षरं उमटली, त्या दिवशी घरात बासुंदी केली. मग टायमर जोडला, सेकंदाला १०० टिक. आणि तिथून ग्रह फिरले. 'एसटीआय' (इंटरप्ट चालू करणारी सूचना) दिलं की थोडा वेळ सगळं नीट चालतं आणि एकाएकी यंत्र रीसेट. कधी दोन सेकंदात, कधी मी चहा पिऊन आलो तरी चालूच. क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरमधलं नकली यंत्र) तेच, जुन्या लॅपटॉपवर तेच. आधी वाटलं करंटचा लोचा असेल, तर इन्व्हर्टरवर घेऊन पाहिलं. तरी तेच.

खरी गंमत पुढंच आहे. मेमरीच्या एका ४०९६ बाइटच्या पानाची बेरीज करणारं एक फंक्शन आहे, ते मुख्य लूपमधून अधूनमधून चालतं. संशयानं त्यात एक प्रिंट टाकला तर रीसेट बंद! प्रिंट काढला की परत सुरू. देवाला नारळ देऊ की प्रिंट तसाच ठेवू?

तंबाखूपेठ · शनिवार, रात्री ११:३१

प्रिंट ठेव, नारळ पण दे. दोन्हीकडनं बंदोबस्त.

उद्यमबागचा_मिस्त्री · शनिवार, रात्री ११:५२

पहिला प्रश्न. पीआयसीचे (इंटरप्ट प्रोसेसरकडं पोचवणाऱ्या चिपचे) नंबर हलवलेस का? बायोस आयआरक्यू (हार्डवेअरच्या इंटरप्ट लायनी) ० ते ७ हे ८ ते १५ वर लावून ठेवतं. प्रोटेक्टेड मोडमध्ये त्या जागा प्रोसेसरच्या स्वतःच्या एक्सेप्शनच्या, म्हणजे काही चुकलं की मारायच्या हाकांच्या. म्हणजे टायमरची टिक आली की तुझा कर्नल समजतो डबल फॉल्ट आला. निम्मी नवी पोरं इथंच आपटतात.

खानापूर_लोकल · रविवार, सकाळी ७:१५

हलवलेत की. टायमर ३२ वर आहे, हेक्स २०. ईओआय (इंटरप्टचं काम झाल्याची पोच) पण पाठवतोय, नाहीतर दुसरी टिक आलीच नसती. पीआयटीला (टायमरच्या चिपला) भाजक ११९३२ दिलाय.

कोल्हापुरी_पाहुणा · रविवार, सकाळी ८:०५

अहो, आजच्या काळात हाताने असेंब्ली कशाला लिहिता? रस्ट घ्या. निम्म्या चुका कंपायलरच पकडतो. हे म्हणजे घरात मिक्सर असताना पाट्यावर वाटण वाटायचं.

अथणी_चप्पल · रविवार, सकाळी ८:२०

पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला येते होय ओ पाहुणे? आणि रस्टमध्ये कर्नल लिहिला तरी इंटरप्ट आल्यावर प्रोसेसर स्टॅकवर काय टाकतो ते बदलत नाही. ते सिलिकॉनमध्ये कोरलेलं आहे.

तिसरं_गेट · रविवार, सकाळी १०:४०

मी मूळची टिळकवाडीची, बंगळूरला हेच काम करते, म्हणून चार ओळी जास्त लिहिते.

अंदाज बांधणं आधी थांबव. रीसेट ही चूक नव्हे, ती चुकांच्या माळेतली शेवटची. एक एक्सेप्शन आला, त्याच्या हँडलरकडं जाता जाताच दुसरा आला, त्यातनं डबल फॉल्ट झाला आणि तोही हाताळता आला नाही, की ट्रिपल फॉल्ट होऊन प्रोसेसर सरळ शून्यापासून सुरू होतो. तोवर सगळा पुरावा धुऊन गेलेला असतो. तेव्हा आधी पुरावा राखायची सोय कर. क्यूएमूला नो-रीबूट दे, 'डी इंट' दे म्हणजे प्रत्येक इंटरप्टची नोंद लिहिली जाईल, आणि ती वेगळ्या फाइलीत घे. केव्हीएम (कोड खऱ्या प्रोसेसरवरच चालवायची सोय) चालू असेल तर बंद कर, त्यात ही नोंद येत नाही. मग फाइल इथं टाक.

खानापूर_लोकल · रविवार, दुपारी १:१०

ताई, केलं. फाइल दहा हजार ओळींची झाली. शेवटचं टाकतो. ०डी, ०डी, ०डी, ०डी… अशी रांगच्या रांग, प्रत्येक वेळी एसपी, म्हणजे स्टॅक पॉइंटर, थोडा थोडा खाली, मग एक ०ई, मग ०८ आणि ट्रिपल फॉल्ट. ०डी म्हणजे जनरल प्रोटेक्शन ना? म्हणजे माझी जीडीटी (सेगमेंटांचं टेबल) चुकली. आजच्या रविवारी जीडीटी परत लिहून काढतो.

तिसरं_गेट · रविवार, दुपारी १:१८

थांब थांब! जीडीटीला हात लावू नकोस. तू शेपूट बघतोयस. ०डीच्या रांगेच्या आधीची ओळ कुठली आहे ते सांग. शेवटची चूक नको, पहिली दाखव.

जुना_आठशून्यपंच्याऐंशी · रविवार, दुपारी २:३०

ही मुलगी बरोबर बोलते आहे. मी पॉलिटेक्निकात २६ वर्षं ८०८५ शिकवला. प्रत्येक टेबलावर एक किट, त्यावर हेक्स आकड्यांची बटणं आणि सहा लाल आकडे. कंपायलर नाही, असेंब्लर नाही, पाठीमागच्या कार्डावर ऑपकोड बघायचे आणि बोटांनी घालायचे. ३१ म्हणजे एलएक्सआय एसपी, सीडी म्हणजे कॉल, सी९ म्हणजे रिटर्न. हे आकडे अजून झोपेत सुद्धा सांगेन.

दरवर्षी एक तरी पोरगा यायचा. 'सर, किट खराब आहे, कॉल केला की परत येत नाही.' मी किटकडे बघायचोच नाही, वहीकडे बघायचो. ३१ लिहिलेलंच नसायचं! स्टॅक पॉइंटर कुठं आहे ते ठरवलं नाही तर कॉल परतीचा पत्ता भलत्याच जागी लिहायला जातो, ती जागा रॉममधली असली तर तो लिहिलाच जात नाही. मग रिटर्नला जे हाताला लागेल ते घेऊन प्रोग्राम परागंदा.

आणि मध्येच वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जायचं. दीडशे बाइट पुन्हा बोटांनी. त्यामुळे पोरं आधी वहीत चार उभे रकाने आखून एकेक पायरी सोडवून बघायची आणि मगच बटणांना हात लावायची. लोडशेडिंगनं जेवढं डीबगिंग शिकवलं तेवढं मी शिकवलं नाही.

अथणी_चप्पल · रविवार, दुपारी २:४१

सर, ते ३१ विसरणाऱ्यांत मी एक होतो असं वाटायलंय मला. नाव सांगत नाही.

खानापूर_लोकल · रविवार, दुपारी ३:०५

सापडली. ०डीच्या रांगेच्या आधी एकच ०ई आहे. एरर कोड ०, सीआर२ मध्ये २०६. त्याच्या आधी साधी २०, म्हणजे टायमरची टिक.

०ई म्हणजे पेज फॉल्ट आणि सीआर२ म्हणजे ज्या पत्त्यावर अडलं तो पत्ता, इतकं माहीत आहे. पण २०६ हा कसला पत्ता? मी शून्य नंबरचं पान मुद्दाम मॅप केलेलं नाही, रिकामा पॉइंटर लगेच पकडला जावा म्हणून.

घटप्रभा_काठ · रविवार, दुपारी ३:२०

शून्य पान मोकळं ठेवलंस ते लई छान केलंस बघ. नाहीतर २०६ वरनं काहीतरी कचरा वाचून कर्नल तसाच पुढं गेला असता आणि चूक चार गावं ओलांडून भेटली असती.

तिसरं_गेट · रविवार, दुपारी ४:००

आता दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. त्या एकत्र करू नकोस.

एक: पेज फॉल्टनंतर ०डीची रांग का लागली? तुझा एक्सेप्शनचा स्टब दाखव. मला वाटतं सगळ्यांना एकच स्टब लावलायस आणि शेवटी सरळ आयरेटक्यू (इंटरप्टमधून परतायची सूचना) आहे.

खानापूर_लोकल · रविवार, दुपारी ४:१२

होय ताई, एकच. सगळी रजिस्टर पुश, हँडलरला कॉल, सगळी पॉप, आयरेटक्यू. हँडलर सध्या रिकामाच आहे, नंतर लिहिणार होतो.

तिसरं_गेट · रविवार, दुपारी ४:३०

तेच. इंटरप्ट आला की प्रोसेसर स्टॅकवर पाच गोष्टी ठेवतो. एसएस (स्टॅकचा सेगमेंट), जुना आरएसपी (स्टॅक पॉइंटर), आरफ्लॅग्ज (प्रोसेसरचे फ्लॅग), सीएस (कोडचा सेगमेंट), आरआयपी (पुढच्या सूचनेचा पत्ता). आयरेटक्यू त्या पाच उलट्या क्रमानं उचलतो. पण काही एक्सेप्शनना प्रोसेसर वर आणखी एक एरर कोड ठेवतो. ८, १० ते १४ आणि १७. नव्या प्रोसेसरांत आणखी दोन-तीन. तो तू उचलून टाकला नाहीस तर आयरेटक्यूला सगळं एक घर सरकलेलं मिळतं. एरर कोड आरआयपी म्हणून, आरआयपी सीएस म्हणून. तसला सीएस जीडीटीत नाही, म्हणून ०डी. त्या ०डीलाही एरर कोड असतो, तुझा स्टब तोही ठेवतो, परत ०डी. प्रत्येक फेरीत स्टॅक खाली, खाली, शेवटी मॅप नसलेल्या पानावर, आणि खेळ खलास.

पंगतीत एक पान जास्त मांडलं आणि वाढपी मोजून वाढतोय, तसं.

उपाय: ज्यांना एरर कोड नाही त्यांच्या स्टबमध्ये आधी खोटा शून्य पुश कर म्हणजे सगळ्यांची मांडणी सारखी, आणि आयरेटक्यूच्या आधी आरएसपीत ८ मिळव. पुश करताना एक्सेप्शनचा नंबरही टाकणार असशील तर १६. आणि तो रिकामा हँडलर आजच्या आज भर! सीआर२, आरआयपी आणि सगळी रजिस्टर छाप, आणि तिथंच थांब, परत जाऊ नकोस.

तंबाखूपेठ · रविवार, दुपारी ४:३८

म्हणजे रजिस्टरांचा उतारा काढायचा. फरक एवढाच की तलाठ्याकडं चार खेपा घालाव्या लागत नाहीत.

कोल्हापुरी_पाहुणा · रविवार, दुपारी ४:४५

तुमच्याकडं सातबारा नाही का मिळत?

तंबाखूपेठ · रविवार, दुपारी ४:४७

आमच्याकडं पहाणी मिळते पाहुणे, कन्नडात. वाचायला घटप्रभा_काठ यांना बोलवावं लागतं.

घटप्रभा_काठ · रविवार, दुपारी ४:५५

वाचून देतो की. कर्दंट आणायचं मात्र विसरू नका.

खानापूर_लोकल · रविवार, रात्री ९:४०

स्टब दुरुस्त केला. आता रीसेट नाही! पडद्यावर पेज फॉल्टचा उतारा येतो आणि यंत्र थांबतं. आरआयपी दर वेळी त्या बेरजेच्या फंक्शनातच. चार वेळा चालवलं. सीआर२ अनुक्रमे २०६, २९७, २४७, २०३.

पॉइंटर बिघडतोय एवढं कळलं. पण बिघडवतंय कोण? टायमरचा हँडलर फक्त एक आकडा वाढवतो. सगळी रजिस्टर जपून ठेवतोय, तीनदा मोजली, पंधराच्या पंधरा.

उद्यमबागचा_मिस्त्री · रविवार, रात्री १०:१०

माझा एक किस्सा सांगतो, जवळपास असाच आहे. हायड्रॉलिक प्रेसचा कंट्रोलर, एआरएम कॉर्टेक्स-एम. मोटरचा कॉन्टॅक्टर ओढला की बोर्ड हार्डफॉल्टमध्ये. सगळा कारखाना म्हणतोय नॉइज, नॉइज. शील्डची वायर टाकली, फेराइट घातलं, अर्थिंगसाठी खड्डा खणून मीठ-कोळसा घातला! तरी जैसे थे.

शेवटी हार्डफॉल्टच्या हँडलरात स्टॅक उघडून बघितला. कॉर्टेक्स-एम आठ शब्द ठेवतो, आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. पीसी बघितला तर तो कोडमध्ये नव्हताच, रॅममधल्या एका बफरात होता. मग सुरुवातीलाच सगळा स्टॅक ए५ नं भरला आणि दिवसभर प्रेस चालवून बघितलं की ए५ कुठंवर शिल्लक आहे. विहिरीच्या भिंतीवर पाण्याची खूण बघतात ना, तसं. एकही ए५ शिल्लक नव्हता! कॉन्टॅक्टर ओढला की त्याच क्षणी आणखी एक इंटरप्ट आत घुसायचा आणि स्टॅक भरून बफरावर सांडायचा. नॉइजचा काही संबंध नाही. स्टॅक दुप्पट केला, बोर्ड अजून चालतोय.

म्हणून माझं मत, तुझा स्टॅक पुरत नाही. वाढवून बघ.

खानापूर_लोकल · रविवार, रात्री १०:३५

१६ केबीचा ६४ केबी केला. फरक नाही.

कोल्हापुरी_पाहुणा · रविवार, रात्री १०:५०

बेरजेच्या फंक्शनाच्या आधी सीएलआय, नंतर एसटीआय. इंटरप्टच येणार नाही. संपलं. झोपा आता.

तिसरं_गेट · रविवार, रात्री ११:०५

पाहुणे, त्यानं हे फंक्शन वाचेल, पण उद्या दुसरं फंक्शन असंच मरेल आणि तेव्हा हा धागा कुणाला आठवणार? गळकं छप्पर सोडून खाली बादली ठेवण्यातली गत.

लोकल, तुझे चार आकडे परत बघ. २०६ हेक्समध्ये वाच. बिट ९ चालू, बिट २ चालू, बिट १ चालू. बिट ९ म्हणजे इंटरप्टची परवानगी, बिट २ पॅरिटी, आणि बिट १ कायमच १ असतो. काही आठवतं का?

अथणी_चप्पल · रविवार, रात्री ११:०९

आरफ्लॅग्ज!! २९७ पण तेच की. साइन, ऑक्झिलरी, पॅरिटी, कॅरी. वजाबाकीत उसनं घेतल्यावर असंच येतं.

तिसरं_गेट · रविवार, रात्री ११:१५

शाब्बास. तुझ्या पॉइंटरच्या जागी प्रोसेसरचे फ्लॅग येऊन बसलेत. ते तिथं ठेवले कुणी? तुझ्या हँडलरनं नव्हे, प्रोसेसरनंच. इंटरप्ट आल्या आल्या, तुझ्या स्टबची पहिली ओळ चालायच्याही आधी. आता बेरजेच्या फंक्शनाची असेंब्ली टाक. ऑब्जडंपला (बांधलेल्या कोडची असेंब्ली दाखवणाऱ्या साधनाला) इंटेल पद्धत सांग, नाहीतर डावं-उजवं करत बसावं लागेल.

तंबाखूपेठ · रविवार, रात्री ११:१८

एटीअँडटी की इंटेल? आधी कुठलं, नंतर कुठलं? हा सीमावाद सुप्रीम कोर्टात न्यावा लागेल.

अथणी_चप्पल · रविवार, रात्री ११:२१

नको नको, तिथं एक २००४ पासून आहेच.

खानापूर_लोकल · रविवार, रात्री ११:३०

मोबाइलवरनं टाइप करतोय, सांभाळून घ्या. ऑप्टिमायझेशन बंद आहे.

पुश आरबीपी
मूव्ह आरबीपी, आरएसपी
मूव्ह [आरबीपी-२४], आरडीआय
मूव्ह [आरबीपी-४], ०
मूव्ह [आरबीपी-८], ०
आणि पुढं लूप.

पॉइंटर आरबीपी-२४ वर, काउंटर 'आय' आरबीपी-४ वर, बेरीज आरबीपी-८ वर.

जुना_आठशून्यपंच्याऐंशी · सोमवार, सकाळी ६:१०

एक शंका, मी जुना माणूस आहे. आरएसपीमधून काही वजा केलेलं दिसत नाही. जागा न घेताच स्टॅकच्या खाली लिहितो आहे हा. आमच्या वेळी अशा पोराला मी वर्गाबाहेर काढलं असतं.

तिसरं_गेट · सोमवार, सकाळी ८:३०

सर, तुम्ही कंपायलरला रंगेहाथ पकडलंत.

युनिक्सकडच्या ६४ बिटी पद्धतीत, सिस्टिम व्ही एबीआयमध्ये (फंक्शनांनी एकमेकांशी कसं वागायचं त्याचे नियम), आरएसपीच्या खालचे १२८ बाइट 'रेड झोन' म्हणून राखलेले असतात. जे फंक्शन पुढं कुणाला कॉल करत नाही त्यानं आरएसपी न हलवता ते वापरावेत, दोन सूचना वाचतात. साध्या प्रोग्रामात हे चालतं, कारण इंटरप्ट आला की प्रोसेसर कर्नलच्या वेगळ्या स्टॅकवर जातो. पण लोकलचा कोड स्वतःच कर्नल आहे. स्टॅक बदलत नाही आणि प्रोसेसर आहे त्याच स्टॅकवर, आरएसपीच्या लगेच खाली आपल्या पाच गोष्टी ठेवतो.

आता मोज. आरबीपी आणि आरएसपी इथं एकच. उणे ८ वर एसएस, उणे १६ वर जुना आरएसपी, उणे २४ वर आरफ्लॅग्ज. आणि पॉइंटर कुठं होता?

अथणी_चप्पल · सोमवार, सकाळी ८:३४

उणे २४! अंगावर काटा आला बघा.

खानापूर_लोकल · सोमवार, सकाळी ८:५०

बसमध्ये आहे, हात थरथरायलेत. पण मग २४७ आणि २०३?

तिसरं_गेट · सोमवार, सकाळी ९:०५

२४६ अधिक १, २०२ अधिक १. उणे ८ वरचा एसएस आठ बाइटचा, त्याच्या वरच्या अर्ध्यात शून्यं, आणि तिथंच उणे ४ वर तुझा 'आय'. म्हणजे 'आय' पण शून्य झाला. टिक 'आय' वाढवण्याच्या आधी आली तर तो १ होऊन पुढं जातो, नंतर आली तर ०. पॉइंटर अधिक 'आय', म्हणून कधी नेमके फ्लॅग, कधी एक जास्त.

प्रिंटचं कोडंही सुटलं. प्रिंट टाकलास की ते फंक्शन दुसऱ्याला कॉल करू लागलं, मग कंपायलरला आरएसपी हलवून जागा घ्यावीच लागली.

घटप्रभा_काठ · सोमवार, सकाळी १०:२०

अरे, आता कळलं! शनिवारी रात्री याचं बेरजेचं फंक्शन उचलून मी माझ्या कर्नलात घातलं होतं. विंडोजवर मिंगडब्ल्यू कंपायलरनं बांधलं, तासभर चाललं, काही झालं नाही. मला वाटलं खानापूरच्या पावसात याचा लॅपटॉप भिजलाय. तिकडच्या कॉलिंग पद्धतीत रेड झोन नसतोच म्हणा की.

उद्यमबागचा_मिस्त्री · सोमवार, सकाळी १०:३१

हे परवा सांगितलं असतंस तर दीड दिवस वाचला असता गा!

घटप्रभा_काठ · सोमवार, सकाळी १०:३३

कुणी विचारलं?

कोल्हापुरी_पाहुणा · सोमवार, सकाळी ११:००

नोंद असावी, रस्टच्या ६४ बिटी बेअर-मेटल टार्गेटमध्ये रेड झोन आधीपासून बंदच असतो. मी सांगत होतो.

तिसरं_गेट · सोमवार, सकाळी ११:१५

हे मात्र खरं बोललात पाहुणे. सी मध्ये तो हाताने बंद करावा लागतो. जीसीसी कंपायलरला 'एम-नो-रेड-झोन' द्यायचं, लिनक्सचा कर्नलही असाच बांधला जातो. लिबजीसीसी (जीसीसीची मदतनीस लायब्ररी) जोडत असशील तर तीही तशीच बांधलेली हवी, नाहीतर चूक मागच्या दारानं परत.

आणि हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही. २००८ मध्ये जीसीसी ४.३ आला, त्यानं स्ट्रिंगच्या सूचनांआधी सीएलडी (डायरेक्शन फ्लॅग साफ करणारी सूचना) टाकणं बंद केलं, कारण एबीआय म्हणतं की फंक्शनमध्ये शिरताना डायरेक्शन फ्लॅग साफ असतो. पण लिनक्सचा कर्नल सिग्नल हँडलरला बोलावताना तो साफ करतच नव्हता. जुन्या कंपायलरच्या सीएलडीनं इतकी वर्षं ते झाकलं होतं.

लोकल, आता माझ्यावर विश्वास ठेवून 'एम-नो-रेड-झोन' लावू नकोस. आधी डोळ्यानं बघ. जीडीबी (डीबगर) जोड, टायमरच्या स्टबच्या पहिल्या ओळीवर ब्रेक लाव आणि अट घाल की स्टॅकवरचा आरआयपी बेरजेच्या फंक्शनातला असेल तरच थांब. मग आरएसपीपासून पाच शब्द छाप.

खानापूर_लोकल · सोमवार, रात्री १०:०५

बघितलं. पत्त्यांचे शेवटचे चार आकडे देतो. जुना आरएसपी १एफएफ०, आरबीपी पण तोच. आरफ्लॅग्ज बसलाय १एफडी८ वर. वजाबाकी हेक्स १८, म्हणजे २४. पॉइंटर १एफडी८ वरच होता. टिक यायच्या आधी तिथं पानाचा पत्ता, टिक आल्यावर २९७.

दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. आई म्हणाली जेवण निवलं.

मग 'एम-नो-रेड-झोन' लावून परत बांधलं. असेंब्लीत आता आरएसपीमधून वजाबाकी दिसते. ११ वाजता चालू करून झोपतो.

जुना_आठशून्यपंच्याऐंशी · सोमवार, रात्री १०:२०

पोरा, ती वजाबाकी वहीत लिहून ठेव. तारीख घाल.

खानापूर_लोकल · मंगळवार, सकाळी ७:०५

८ तास चाललं. काउंटर २८,८०,००० च्या थोडा पुढं. सेकंदाला १०० प्रमाणे हिशोब जुळतो. मध्ये दोनदा वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी पण टिकली.

ताई, तुम्हाला एक किलो कुंदा. बंगळूरला पाठवू की तिसऱ्या गेटजवळ घरी देऊ?

तिसरं_गेट · मंगळवार, सकाळी ८:१५

घरीच दे, आई वाट बघेल. अर्धा किलो जुन्या सरांना, आरएसपीतली वजाबाकी गायब आहे ते त्यांनीच हेरलं.

तंबाखूपेठ · मंगळवार, सकाळी ८:२०

आणि नारळाचा सल्ला देणाऱ्याला?

खानापूर_लोकल · मंगळवार, रात्री ११:४५

आज कीबोर्ड जोडला. इंटरप्ट येतो, पण एक बटण दाबलं की दोनदा येतो. रेड झोन बंद आहे, ईओआय आहे, एरर कोडचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा १ई, दुसऱ्यांदा ९ई. स्टॅक तपासू का?

अथणी_चप्पल · मंगळवार, रात्री ११:४९

दाबल्याचा एक कोड आणि सोडल्याचा एक, हेक्स ८० मिळवून. बटणावरनं बोट काढतोस की नाही? नवा धागा काढ.